उरलेल्या गोळ्या आणि मेडिकलचा काउंटर

मागच्या महिन्यात या सदरात मी एक वाक्य लिहिलं होतं : ‘घरातली नको असलेली औषधं कचऱ्यात टाकण्याआधी मेडिकलमध्ये एकदा विचारा.’ सदर होतं ॲसिडिटीच्या गोळ्यांवर, हे वाक्य अगदी शेवटी आलं होतं. पण पत्रं आली ती बहुतेक सगळी त्या एका वाक्यावर. फार्मासिस्ट म्हणून मी ३१ वर्षं काउंटरमागे उभी आहे. औषध कधी घ्यायचं, जेवणाआधी की नंतर, हे लोक रोज विचारतात. उरलेल्या औषधाचं काय करायचं, हे क्वचितच कुणी विचारतं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : ताई, पत्नीला जाऊन चार महिने झाले. शेवटची दोन वर्षं ती कर्करोगाने आजारी होती. तिच्या औषधांची मोठी पिशवी कपाटात तशीच आहे. गोळ्या, पातळ औषधं, दुखण्यासाठी लावायचे पॅच. मुलगा म्हणतो, संडासात टाकून पाणी सोडा. शेजारी म्हणतात, बागेत पुरा. त्या पिशवीला हात लावायचं धाडस होत नाही. काय करू?
— एक निवृत्त वाचक

उत्तर : काका, एकट्याने करू नका. मुलाला एका संध्याकाळी जवळ बसवा. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरा आणि पिशवी त्यावर रिकामी करा.

सगळ्यात आधी पॅच शोधा. कर्करोगाच्या तीव्र वेदनांसाठी दिलेले पॅच बऱ्याचदा फेंटॅनिल या अतिशय जोरदार वेदनाशामकाचे असतात. तीन दिवस लावून काढलेल्या पॅचमध्येही औषधाचा मोठा अंश शिल्लक राहतो. लहान मुलाने तो अंगाला चिकटवला किंवा तोंडात घातला, तर श्वास मंदावत जाऊन जीव जाऊ शकतो. असे मृत्यू झालेले आहेत. घरी नातवंडं येत असतील तर बाकीची पिशवी राहू द्या, पण एवढं काम आजच करा. पॅचची चिकट बाजू आत घेऊन तो दुमडा. मेडिकल किंवा रुग्णालय लगेच परत घेत असेल तर तिथे द्या. ती सोय नसेल तर या एका गटापुरतं तुमच्या मुलाचं म्हणणं बरोबर आहे, संडासात टाकून पाणी सोडा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा औषधांची यादी केलेली आहे. भारताच्या केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेनेही २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत १७ औषधांची नावं दिली. फेंटॅनिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, डायझेपाम ही त्यांतली काही. पाण्यात औषध जाणं वाईटच आहे. पण घरात कुणाचा तरी श्वास थांबणं त्याहून कितीतरी वाईट, असा विचार त्या यादीमागे आहे. यादीबाहेरचं औषध मात्र संडासात किंवा मोरीत टाकू नका.

मग कर्करोगावरच्या गोळ्या. त्या पाकिटातून काढू नका, मोडू नका, चुरडू नका. आहेत तशा वेगळ्या पिशवीत घाला आणि वर मोठ्या अक्षरांत ‘कर्करोगाची औषधं’ असं लिहा. या गोळ्या पेशींची वाढ रोखतात, आणि ते काम त्या हाताळणाऱ्याच्या शरीरातही करू शकतात. मेडिकलमध्येही त्या वेगळ्या डब्यात जातात आणि त्या जाळण्यासाठी जास्त तापमान लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये नको असलेल्या औषधांच्या विल्हेवाटीवर मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिच्यात साध्या गोळ्यांसाठी किमान ८५० अंश सेल्सियसची भट्टी सांगितली आहे आणि कर्करोगाच्या औषधांसाठी १२०० अंशांची. अंगणात काडी लावून हे होत नाही. तिथे फक्त प्लास्टिकचा आणि रसायनांचा धूर होतो, आणि तो तुमच्याच नाकात जातो.

उरलेल्या गोळ्या मेडिकलमध्ये नेण्यासाठी स्ट्रिपमध्येच राहू द्या. पुष्कळ जण नीटनेटकेपणाने सगळ्या गोळ्या सोलून एका बरणीत भरून आणतात. मग कुठली गोळी कसली आहे, ते मलाही ओळखता येत नाही. बाहेरचा पुठ्ठ्याचा खोका आणि आतला माहितीचा कागद काढून टाकला तरी चालतो. पातळ औषध बाटलीतच ठेवा आणि झाकण घट्ट लावा. कागदी लेबलवर पत्नीचं नाव असेल तर ते काळ्या पेनने झाका. औषधाचं नाव मात्र दिसू द्या.

बागेत पुरू नका. पावसाचं पाणी झिरपतं, कुत्री-मांजरं उकरतात.

अशा पिशव्या माझ्याकडे बऱ्याच आल्या आहेत. आणणारा माणूस पिशवी ठेवतो आणि जायला वळतो, मग थांबतो. ‘ही गोळी तिला फार कडू लागायची,’ असं काहीतरी बोलतो. मी त्या वेळी दुसरं गिऱ्हाईक घेत नाही. तुम्हाला बोलावंसं वाटलं तर बोला, काका. समोरच्या फार्मासिस्टला वेळ नसेल तर असेल त्या वेळी परत जा.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत म्हणून मी पिशवी भरून मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘आम्ही घेत नाही, घरीच टाका.’ चार लोकांसमोर ओशाळल्यासारखं झालं. औषधं तुम्हीच विकता ना? मग परत घ्यायला काय होतं?
— एक नोकरदार वाचक

उत्तर : तुमचा राग रास्त आहे, आणि त्यातला थोडा माझ्याही वाट्याचा आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बाई अशीच पिशवी घेऊन आल्या होत्या. मी त्यांना हेच उत्तर दिलं : ‘घरीच टाका.’ त्यांनी टाकली. कचऱ्याच्या डब्याशी खेळणाऱ्या शेजारच्या मुलाने त्यातल्या लोहाच्या लाल, गोड आवरणाच्या गोळ्या खाल्ल्या. लोहाच्या गोळ्या मोठ्यांना निरुपद्रवी वाटतात, पण लहान मुलाला थोड्याशाही विषारी ठरू शकतात. मूल वाचलं. बाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी मला दोष दिला नाही, फक्त काय झालं ते सांगितलं. तेव्हापासून ‘घरीच टाका’ हे शब्द मी तोंडातून काढलेले नाहीत.

तरीही काउंटरवरच्या त्या मुलाची बाजू सांगते. औषध परत घ्यायला दुकानाला तीन गोष्टी लागतात. कुलूप लागणारा डबा आणि तो ठेवायला जागा, भरलेला डबा अधिकृत भट्टीपर्यंत नेणारी गाडी, आणि ती औषधं जाळण्याचा खर्च देणारं कुणीतरी. या तिन्ही नसतील तर परत घेतलेली पिशवी दुकानाच्या मागच्या कचऱ्यातच जाते, आणि मग तुमची खेप फुकट. म्हणून ‘घ्या’ असं नुसतं दुकानदाराला सांगून भागत नाही, व्यवस्था उभी करावी लागते.

ती उभी राहते, याचे दाखले आहेत. युरोपीय संघाने २००४ मध्ये आपल्या सदस्य देशांवर बंधन घातलं, की न वापरलेल्या आणि मुदत संपलेल्या औषधांसाठी योग्य संकलन व्यवस्था असलीच पाहिजे. फ्रान्समध्ये घरातून आलेली औषधं फुकट परत घेणं हे औषधांच्या दुकानांचं कायदेशीर कर्तव्य आहे. तिथली सिक्लामेड ही संस्था ती गोळा करून जाळते आणि त्या उष्णतेतून ऊर्जा मिळवते. स्पेनमध्ये २००१ पासून सिग्रे नावाची व्यवस्था चालते. तिचे पांढरे डबे औषधांच्या दुकानांतच असतात आणि खर्च औषध कंपन्या उचलतात. ऑस्ट्रेलियात १९९८ पासून केंद्र सरकार पैसे देतं. दुकानांत औषध पोहोचवणारे घाऊक वितरकच भरलेले डबे परतीच्या फेरीत नेतात. मला ही कल्पना फार आवडते. आणायला आलेली गाडी रिकामी परत जाण्याऐवजी डबा घेऊन जाते. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेशी करार असलेल्या दुकानांना हे काम करारातच लिहून दिलेलं असतं.

अमेरिकेत मात्र कायद्यानेच वाट अडवली होती. मॉर्फिनसारखी नियंत्रित औषधं रुग्णाकडून परत घ्यायला दुकानांना बंदी होती. २०१० मध्ये कायदा बदलला आणि २०१४ च्या नियमांनंतर दुकानांना नोंदणी करून संकलन डबा ठेवता येऊ लागला. खर्चाचा वाद तिथे न्यायालयातही गेला. कॅलिफोर्नियातल्या अलामीडा काउंटीने (म्हणजे जिल्ह्याच्या प्रशासनाने) २०१२ मध्ये ठरवलं, की औषध बनवणाऱ्यांनीच गोळा करण्याचा आणि नष्ट करण्याचा खर्च करावा. औषध उद्योगाच्या संघटना न्यायालयात गेल्या, अपिलातही हरल्या, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. माझं मत त्या काउंटीच्या बाजूचं आहे. जो बनवतो आणि नफा घेतो, त्याने शेवटचा खर्चही उचलावा. ते ओझं एकट्या छोट्या दुकानावर टाकलं, तर दुकान ‘घेत नाही’ असंच म्हणणार.

भारतात २०१६ च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधं ‘घरगुती घातक कचरा’ या गटात घातली. म्हणजे ती रोजच्या ओल्या-सुक्यात मिसळायची नाहीत, हे कागदावर ठरलेलं आहे. आधी सांगितलेल्या २०२५ च्या सूचनांत राज्यांचे औषध नियंत्रण विभाग आणि औषधविक्रेत्यांच्या संघटना यांनी मिळून परत घेण्याचे कार्यक्रम चालवावेत, असं सुचवलं आहे. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने त्याच वर्षी असा कार्यक्रम कोळिकोडपासून सुरू केला.

पुन्हा जाल तेव्हा काउंटरवरच्या मुलाऐवजी फार्मासिस्टला भेटा. ‘परत घेता का’ एवढंच न विचारता, ‘जवळपास कोण घेतं, आणि तुम्ही कधी सुरू करणार’ असं विचारा. दहा गिऱ्हाइकांनी हाच प्रश्न विचारला की मालक संघटनेच्या बैठकीत तो मांडतो. मी स्वतः तसाच मांडला होता.

आणि तोवर? घातक घरगुती कचऱ्याचं वेगळं संकलन असेल तर तिथे द्या. तेही नसेल तर गोळ्या स्ट्रिपमधून काढा, न चुरडता ओली माती किंवा लाकडाच्या भुशात मिसळा, म्हणजे कुणाला उचलून खाव्याशा वाटणार नाहीत. मग घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून सुक्या कचऱ्यात द्या. कर्करोगाच्या औषधांना हा मार्ग नाही, ती रुग्णालयातच परत करा.

प्रश्न : वडिलांच्या औषधांच्या सहा सीलबंद स्ट्रिप उरल्या आहेत. मुदत अजून वर्षभर आहे. मेडिकलवाले म्हणाले, परत घेऊन नष्ट करू, पण दुसऱ्या कुणाला देणार नाही. चांगलं औषध जाळायचं, हे पाप वाटतं.
— एक वाचक

उत्तर : मलाही वाटतं. चांगल्या गोळ्या डब्यात टाकताना हात आखडतो, अजूनही. पण त्या फार्मासिस्टने बरोबर केलं.

स्ट्रिप सीलबंद दिसते, पण ती सहा महिने कुठे होती, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. उन्हात उभ्या गाडीच्या कप्प्यात होती का? न्हाणीघरातल्या दमट कपाटात? ॲस्पिरिनला ओल लागली की तिचं विघटन होतं आणि त्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तिथे निदान नाकाला कळतं. इन्सुलिन एकदा गोठून वितळलं तर निकामी होतं आणि ते नुसत्या नजरेने नेहमी ओळखू येत नाही. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरिनच्या गोळ्या मूळ बाटलीतून काढून ठेवल्या तर त्यांचा जोर जातो. दुकानातलं औषध कारखान्यापासून माझ्या फळीपर्यंत कुठल्या तापमानात आलं, त्याची जबाबदारी कुणाची ना कुणाची असते. घरातून परत आलेल्या औषधाची ती साखळी तुटलेली असते. आणि ते ज्याला मिळणार, तो गरजू आहे म्हणून त्याने ही जोखीम घ्यावी, हे मला पटत नाही.

चांगल्या हेतूने दिलेली औषधं किती ओझं होतात, ते बोस्नियाने दाखवलं. १९९२ ते १९९६ या काळात, युद्ध चालू असताना आणि ते संपल्यावर, तिथे मदत म्हणून गेलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन निरुपयोगी होती, असा अंदाज आहे. मुदत संपलेली, लेबल न वाचता येणारी, तिथल्या आजारांशी संबंध नसलेली. युद्धात होरपळलेल्या देशावर ती नष्ट करण्याचं ओझंही पडलं. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम काढले. त्यांत स्पष्ट लिहिलं, की रुग्णाला एकदा दिलेलं आणि परत आलेलं औषध दान करू नये. फ्रान्समध्येही परत आलेल्या औषधांतली चांगली निवडून परदेशी मदतीला पाठवत असत. ती प्रथा २००८ च्या अखेरीस बंद झाली. अमेरिकेतल्या काही राज्यांत फार्मासिस्टने तपासून, कडक अटींवर सीलबंद औषध गरजूंना देण्याचे कार्यक्रम आहेत. तुमच्याकडे तशी अधिकृत सोय असेल तर जरूर द्या. ओळखीच्या माणसाला परस्पर देऊ नका.

खरा उपाय आधीचा आहे. नवीन औषध सुरू होत असेल तर पहिल्यांदा आठवड्याचंच मागा. सोसलं, लागू पडलं, की मग महिन्याचं घ्या. फार्मासिस्टला असं सांगायला संकोचू नका. आम्हाला विक्री कमी झाल्याचं वाईट वाटत असेल, असं समजून लोक गप्प बसतात. मला तरी वाटत नाही.

प्रश्न : इन्सुलिनच्या सुया आणि रिकामा इन्हेलर मेडिकलमधल्या औषधांच्या डब्यातच टाकले तर चालतं का?

उत्तर : सुया चालत नाहीत. गोळ्यांचा डबा उघडणाऱ्याच्या बोटात त्या घुसतात. जाड, न फुटणाऱ्या आणि झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात त्या वेगळ्या साठवा, डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करा आणि सुया घेणारं केंद्र किंवा रुग्णालय विचारून तिथे द्या. सुईला टोपण परत लावायला जाऊ नका, तेव्हाच जास्त टोचते. इन्हेलरच्या धातूच्या डबीत दाबाखालचा वायू असतो. ती फोडू नका, आगीत टाकू नका. मेडिकलमध्ये वेगळी द्या. जुन्या थर्मामीटरमधला पारा हा तर निराळाच विषय, तो औषधांत कधीच मिसळायचा नाही.

प्रश्न : मी रसायनशास्त्र शिकवतो. आपण घेतलेल्या औषधाचा मोठा भाग लघवीतून पाण्यात जातोच. मग चार स्ट्रिप मेडिकलमध्ये नेऊन देण्याने काय फरक पडणार? मनाचं समाधान यापलीकडे?
— एक प्राध्यापक

उत्तर : सर, तुमच्या म्हणण्याचा पहिला भाग खरा आहे आणि तो मी लपवणार नाही. नद्यांत सापडणाऱ्या औषधांचा मोठा वाटा माणसांच्या शरीरातूनच येतो. सगळ्यांनी सगळ्या स्ट्रिप परत केल्या तरी पाणी औषधमुक्त होणार नाही.

पण जे अटळ आहे त्याच्यात टाळता येण्यासारखं कशाला मिसळायचं? सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं औषधं काढण्यासाठी बांधलेली नव्हती. फिट्सवर देतात ते कार्बामाझेपिन त्यांतून जवळपास जसंच्या तसं बाहेर पडतं. आणि मात्रा किती लहान पुरते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. कॅनडातल्या ओंटारियोमधल्या एका प्रायोगिक तळ्यात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे संततिनियमनाच्या गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, सोडलं होतं. एका लिटरमध्ये पाच-सहा नॅनोग्राम (ग्रॅमचा अब्जावा भाग) एवढंच. नर मासे मादीसारखे होऊ लागले आणि एक छोटी जात त्या तळ्यातून जवळजवळ नाहीशी झाली. २००७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध सोडणं थांबवल्यावर काही वर्षांत ती जात सावरली, हेही सांगायला हवं. थांबवलं की फरक पडतो.

डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणि गिधाडं यांची गोष्ट घरच्या कचऱ्यातली नाही, तरी इथे सांगते. गुरांना दिलेलं ते औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. कारण २००४ मध्ये सापडलं. तोवर भारतीय उपखंडातली पांढऱ्या पाठीची गिधाडं संपायला आली होती. भारत, पाकिस्तान आणि नेपाळने २००६ मध्ये गुरांसाठी त्याचा वापर बंद केला. माझ्या फळीवर डायक्लोफेनॅक रोज असतं. माणसाच्या कंबरदुखीला उपयोगी पडणारी गोळी आकाशातला पक्षी संपवू शकते, हे कळल्यावर मी त्या स्ट्रिपकडे पूर्वीसारखी पाहू शकले नाही.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येते, कारण माझ्या दृष्टीने खरं महत्त्व तिथे आहे. पाण्याचा विचार क्षणभर बाजूला ठेवा. परत आलेली स्ट्रिप बोलते. भरलेली स्ट्रिप म्हणजे कुणीतरी न घेतलेलं औषध, आणि न घेण्याला कारण असतं.

एकदा एका मावशींनी अर्धी स्ट्रिप परत आणली. म्हणाल्या, ‘या जुन्या गोळ्या उरल्या, नवीन सुरू झाल्यात.’ मी नाव वाचलं : मेटोप्रोलोल, रक्तदाबावर आणि हृदयासाठी देतात ते नाडी मंदावणारं औषध. ‘नवीन कुठल्या?’ त्यांनी पर्समधून दुसरी काढली. कंपनी वेगळी, नाव वेगळं, रंग वेगळा, आत तेच मेटोप्रोलोल. रुग्णालयातून घरी सोडताना लिहून दिलेलं नाव बदललं होतं. महिनाभर त्या दोन्ही घेत होत्या, चक्कर येत होती, जिना चढताना थांबावं लागत होतं, आणि वयामुळे होतंय असं धरून चालल्या होत्या. नाडी फार मंद लागत होती. हे औषध एकदम बंदही करायचं नसतं, म्हणून त्यांना खुर्चीत बसवून तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी फोनवर मात्रा सांगितली आणि त्याच दुपारी तपासायला बोलावलं.

ती अर्धी स्ट्रिप त्यांनी घरच्या डब्यात टाकली असती तर मला काहीच कळलं नसतं. कुलूपबंद डबा कुठेही ठेवता येतो, सर. पण ‘हे का उरलं?’ असं विचारणारं आणि उत्तराचा अर्थ समजणारं माणूस काउंटरमागेच असतं. म्हणून तो डबा मेडिकलमध्ये असावा, असा माझा हट्ट आहे.

प्रश्न : मॅडम, मी नुकताच फार्मासिस्ट झालोय. मालकांना तयार केलंय, संकलन डबा ठेवायचाय. काय काय सांभाळू?
— एक तरुण वाचक

उत्तर : बेटा, पत्र वाचून फार बरं वाटलं. मालकांना माझा नमस्कार सांग.

डबा मागवण्याआधी तो रिकामा कोण करणार, ते लेखी ठरव. जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेशी किंवा औषध नियंत्रण विभागाशी बोल. भरलेला डबा तीन महिने पडून राहिला तर तुझ्याच दुकानात धोका साठतो. नियंत्रित औषधांबद्दल तुझ्याकडचा कायदा काय म्हणतो, ते आधी विचारून घे. काही ठिकाणी ती रुग्णाकडून हातात घेणंच नियमाबाहेरचं असतं.

डबा काउंटरच्या आतल्या बाजूला, तुझ्या नजरेसमोर. कुलूप लागणारा, आणि तोंड असं की आत टाकलेलं हात घालून काढता येऊ नये. दारापाशी ठेवलास तर त्यात काय काय पडेल, सांगता येत नाही. परत आलेलं औषध विक्रीच्या फळ्यांजवळ एक मिनिटही ठेवू नकोस. गर्दीच्या वेळी चूक अशीच होते : डबा बाजूला, स्ट्रिप टेबलावर, आणि दुसऱ्याच माणसाची पिशवी भरताना ती तीत जाते. पिशवीत हात घालू नकोस, आत उघडी सुई असू शकते. गिऱ्हाइकालाच टेबलावर मांडायला सांग आणि तू हातमोजे घाल. कर्करोगाची औषधं, इन्हेलर आणि काचेच्या बाटल्या वेगळ्या काढ. रुग्णाचं नाव दिसत असेल तर ते टाकण्याआधी झाक. एखाद्याला कुठला आजार होता, हे कचरा उचलणाऱ्याला कळायचं कारण नाही.

कुणी मोठी पिशवी घेऊन आलं तर ‘एवढी कशी उरली?’ असं मोठ्याने म्हणू नकोस. लोकांना आधीच अपराधी वाटत असतं. ‘यातली कुठली अजून चालू आहेत?’ असं विचार. या प्रश्नाला लोक खरं उत्तर देतात.

आणि एक वही ठेव. नाव-पत्ता नको. तारीख, औषध, साधारण किती, आणि कळलं तर कारण : बरं वाटलं म्हणून थांबवलं, पोट बिघडलं, डॉक्टरांनी बदललं, माणूस गेला. माझ्या वहीत एका वर्षी अँटिबायोटिकच्या अर्धवट स्ट्रिप इतक्या आल्या, की अँटिबायोटिक देताना मी प्रत्येकाला ‘किती दिवसांचं आहे आणि शेवटची गोळी कुठल्या वारी’ ते पाकिटावर लिहून द्यायला लागले. दुसऱ्या वर्षी ती नोंद कमी झाली. तुझ्या वहीत दुसरंच काहीतरी येईल. पहिल्या तीन महिन्यांची पानं भरली की मला कळव, या सदरातच त्यावर बोलू.